संघ तुमचा, पोट्टे कुणाचे?

ताई, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी केंद्र आहे. कापसाची वेचणी आटोपली की आमच्याकडे टेनिस बॉलची लीग होते. अगदी आयपीएलसारखी. आठ संघ, प्रत्येक संघाला एक मालक, खेळाडूंचा लिलाव पॉइंटवर. तीन वर्षांपासून त्यातला एक संघ माझा आहे. टी-शर्ट, गाडीभाडं, नाश्ता-जेवण सगळं माझ्या खिशातून. यंदा संघात दोन पोट्टे बौद्ध वस्तीतले आणि एक कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी पाड्यावरचा आहे. बॉलिंग त्यांच्यावरच चालते. दुसऱ्या एका मालकाशी फोनवर बोलता बोलता मी म्हटलं, "खेळवतो मी त्यायले, पण बक्षिसाच्या फोटोत माह्या बाजूले उभे नोका करू. पोरीची सोयरीक चालू हाये, पाहुणे फोटो पाह्यतात." अजून एक-दोन शब्द बोललो, ते इथे लिहीत नाही. समोरच्याच्या फोनमध्ये आपोआप रेकॉर्डिंग होते. त्याच्या मुलाने ते पुढे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तालुकाभर झालं.

सेमीफायनलला पोट्टे आले, पण माझ्या दुकानाच्या नावाचा टी-शर्ट एकानेही घातला नाही. अकराच्या अकरा घरच्या कपड्यांत खेळले आणि जिंकले. समितीने फायनल पुढे ढकलली आणि माझ्याकडे निरोप पाठवला की संघ सोडा, पुढच्या वर्षी येऊ नका. वस्तीवरची गिऱ्हाइकं दुकानात येईनाशी झाली. मी ग्रुपवर माफी टाकली. दरवर्षी १४ एप्रिलला जयंती मंडळाला वर्गणी देतो, मंडळाने माझा सत्कारही केला आहे. बाकीचे पोट्टे माझ्या घरी जेवत, त्या तिघांचे डबे मैदानावर पाठवत होतो. पण ते घर लांब पडतं म्हणून, त्यात दुसरं काही नव्हतं.

खासगी फोनवर बोलायचं स्वातंत्र्य मला घटनेने दिलेलं नाही काय? पैसा माझा, संघ माझा, तर मला काढणारी समिती कोण? रेकॉर्डिंग पसरवणाऱ्यावर केस करू का? वस्तीने टाकलेला बहिष्कार सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात बसतो का?

— एक संघमालक

*

भाऊ,

तुम्ही गाळलेले एक-दोन शब्द कोणते असतील ते आपल्या भागात वाढलेल्या कुणालाही कळतील, त्यामुळे ते न लिहून तुम्ही काही लपवलं नाही. बाकी पत्र मोकळेपणाने लिहिलंत. उत्तरही तसंच देते.

हे असंच प्रकरण २०१४ मध्ये अमेरिकेत झालं होतं, आणि तपशील इतके जुळतात की आधी तेच सांगते. लॉस एंजेलिस क्लिपर्स हा तिथला व्यावसायिक बास्केटबॉल संघ. मालक डोनाल्ड स्टर्लिंग, वकील, पण खरा पैसा घरं भाड्याने देण्याच्या धंद्यात कमावलेला. १९८१ मध्ये त्याने हा संघ सुमारे सव्वा कोटी डॉलरला विकत घेतला होता. एप्रिल २०१४ मध्ये मैत्रिणीशी झालेलं त्याचं खासगी बोलणं बाहेर फुटलं. तो तिला सांगत होता की कृष्णवर्णीयांसोबतचे फोटो टाकू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस. ज्या फोटोवरून हे सुरू झालं तो मॅजिक जॉन्सनसोबतचा होता. बास्केटबॉलमध्ये मॅजिक जॉन्सन म्हणजे आपल्याकडे सचिन. आणि ज्या संघाचा हा मालक, त्यातले बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय, प्रशिक्षक डॉक रिव्हर्सही कृष्णवर्णीय. त्यांनी घाम गाळावा, सामने जिंकून द्यावेत, फक्त फोटोत दिसू नये.

संघ तेव्हा प्लेऑफमध्ये होता. पुढच्या सामन्याआधी खेळाडू मैदानाच्या मधोमध गेले, अंगावरची जॅकेटं काढून तिथेच टाकली आणि सरावाचे शर्ट उलटे घालून वावरले, म्हणजे छातीवरचं संघाचं नाव दिसू नये. तुमच्या पोट्ट्यांनी ही बातमी तेव्हा वाचली असण्याची शक्यता कमीच; दहा-बारा वर्षांची असतील ती. अपमान झाल्यावर मालकाचं नाव अंगावरून उतरवावं हे कुणी शिकवावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रेकॉर्डिंग बाहेर आल्यावर चार दिवसांत लीगचे कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंगवर आजन्म बंदी घातली आणि २५ लाख डॉलर दंड केला. नियमांत याहून मोठा दंड बसवताच येत नव्हता. ऑगस्टमध्ये संघ मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांच्याकडे गेला, किंमत २ अब्ज डॉलर. तेव्हा स्टर्लिंग भिकेला लागला वगैरे काही नाही. तुमचंही दुकान, शेत, इज्जत सगळं जाणार असं तुम्हाला रात्री वाटत असेल, तर तसं होत नाही. पण संघ गेला.

आता दोन गोष्टी, ज्यांसाठी मी हे सगळं लांबवलं. पहिली, त्याच मे महिन्यात त्याचा सत्कार व्हायचा होता. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी शंभरावर वर्षं लढणारी संघटना. तिची लॉस एंजेलिस शाखा त्याला जीवनगौरव देणार होती. रेकॉर्डिंग आलं आणि त्यांनी तो मागे घेतला. १४ एप्रिलची वर्गणी आणि सत्कार तुम्ही पत्रात ज्या जागी लिहिलाय ना, तो वाचताना मला हेच आठवलं. वर्गणी देणाऱ्याच्या मनात आकस नसतो असं आपण धरून चालतो. जयंती मंडळंही धरून चालतात, कारण मंडप, डीजे आणि बुंदीचा खर्च कुणीतरी उचलायचाच असतो. तुमच्या पावत्या खऱ्या आहेत, मी त्यांना खोटं म्हणत नाही. त्या या प्रश्नाचं उत्तर नाहीत, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टर्लिंगवर अमेरिकेच्या न्याय खात्याने रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधी खटला भरला होता. आरोप असा की तो कृष्णवर्णीयांना आणि स्पॅनिश भाषक कुटुंबांना घरं भाड्याने द्यायला नाकारतो. २००९ मध्ये त्याने आरोप मान्य न करता २७ लाखांहून जास्त डॉलर भरून तो मिटवला. तेव्हा लीगने त्याला साधी नोटीससुद्धा दिली नाही. माणसांना घर नाकारल्याचा आरोप सात वर्षांहून जास्त काळ सगळ्यांसमोर होता आणि कुणाला काही वाटलं नाही. फोनवरचं बोलणं ऐकलं तेव्हा मात्र सगळ्यांना धक्का बसला. बोलण्याआधी वागणं होतं. बोलण्यामुळे ते नाकारायची सोय गेली.

म्हणून मी तुमच्या पत्रातल्या रेकॉर्डिंगपेक्षा डब्यांपाशी जास्त थांबले. बाकीचे आठ तुमच्या घरी जेवतात आणि तिघांचे डबे मैदानावर जातात. घर लांब पडतं म्हणता. बरं. मग इतर आठ जणांना ते लांब पडत नाही, त्यांच्यासाठी गाडी जाते, आणि नेमकं या तिघांनाच लांब पडतं. त्या पोट्ट्यांना हे रेकॉर्डिंगमुळे कळलं असं तुम्हाला वाटतं का? त्यांना पहिल्या डब्यापासून माहीत होतं. गावात वेगळी पंगत कशी बसवतात हे ज्यांच्या आईबापांनी भोगलंय, त्यांना 'सोय' ओळखू येते. ते गप्प खेळत राहिले, कारण खेळायला दुसरी जागा नव्हती. लिलावात तुम्ही त्यांच्यावर पॉइंट लावले, कारण तुम्हाला बॉलिंग पाहिजे होती. फक्त बॉलिंगच पाहिजे होती, बॉलर नको होता.

आता घटना. तुम्ही म्हणता ते स्वातंत्र्य १९व्या कलमातलं. भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, १९(१)(क), बरोबर. मुळात हा हक्क सरकारने आपलं तोंड दाबू नये म्हणून आहे. तहसीलदाराने किंवा ठाणेदाराने तुम्हाला "बोलू नका" म्हटलं असतं तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असंही म्हटलं की १९ आणि २१ या कलमांतले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील. तरी त्यातून असा अर्थ कुठेच निघत नाही की तुम्ही काहीही बोलावं आणि त्यानंतरही अकरा जणांनी तुमच्या नावाचा टी-शर्ट घालून धावलंच पाहिजे. टी-शर्ट न घालणं हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, भाऊ. त्यांनी शिवी दिली नाही, दगड मारला नाही, सामनाही सोडला नाही. तुमच्यापेक्षा त्यांनी हा हक्क जास्त शहाणपणाने वापरला.

आणि १९व्या कलमापर्यंत पोचायला १७वं ओलांडावं लागतं. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम. मूलभूत हक्कांतली बहुतेक कलमं सरकारला उद्देशून आहेत. हे तुम्हाआम्हा सगळ्यांना लागू आहे, घरात, दुकानात, मैदानावर. बोलणं आणि वेगळे डबे यांत कायद्याच्या नजरेतही फरक आहे, हे त्यावरून ध्यानात घ्या. अट्रॉसिटीच्या कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो तुमच्या डोक्यात असणारच. १९८९ च्या त्या कायद्यात अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झालेली असणं महत्त्वाचं धरलं जातं. चार भिंतींच्या आत, तिऱ्हाईत कुणी हजर नसताना झालेल्या बोलण्याला ते कलम लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधल्या एका निकालात म्हटलं आहे. फोनवरचं आणि नंतर दुसऱ्याने पसरवलेलं बोलणं कशात बसतं, ते नीट वकिलाला विचारा. मी वकील नाही. नीट वकील म्हणजे तालुका कोर्टात रोज उभा राहणारा. पानठेल्यावर सल्ला देणारा साळा नव्हे. या कायद्यात अटकपूर्व जामिनाची वाट जवळपास बंद आहे, हेही त्याला विचारताना डोक्यात असू द्या. आणि त्या तिघांच्या घरी "केस करू नका" असा निरोप कुणाच्याही हाती पाठवू नका. सरपंचाच्या तर अजिबात नाही.

रेकॉर्डिंगबद्दल तुमची तक्रार मला पटते. खासगी बोलणं असं गावभर वाटणं वाईटच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला तो काही श्रीमंतांसाठी नाही. स्टर्लिंगच्या वेळीही हा मुद्दा निघाला होता. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंची संमती नसताना खासगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. करीम अब्दुल-जब्बार हे स्वतः कृष्णवर्णीय, बास्केटबॉलमधले फार मोठे खेळाडू. त्यांनीसुद्धा लिहिलं की हे रेकॉर्डिंग ज्या रीतीने बाहेर आलं त्याचीही आपल्याला चीड यायला पाहिजे. दुसऱ्या एका संघाचे मालक मार्क क्युबन यांनी इशारा दिला होता की माणूस घरात काय बोलतो यावरून त्याचा संघ काढून घ्यायला लागलो तर ही निसरडी वाट आहे.

त्या निसरड्या वाटेची भीती मलाही आहे, कारण तिच्यावर लोक घसरलेले आपण पाहिलेत. २०१० मध्ये आयपीएलच्या लिलावात एकाही पाकिस्तानी खेळाडूवर बोली लागली नाही. कोलकात्याच्या संघाचा मालक शाहरुख खान म्हणाला, त्यांना घ्यायला हवं होतं. तेवढ्यावरून शिवसेनेने त्याच्या येऊ घातलेल्या चित्रपटाविरुद्ध आंदोलन केलं, मुंबईत थिएटरांना पोलीस बंदोबस्त लागला. त्याने माफी मागितली नाही, आणि मागायचं कारणही नव्हतं. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापकाने हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं, तर चीनच्या सरकारी वाहिनीने सामने दाखवणं थांबवलं आणि त्याच्या मालकाने घाईघाईने जाहीर केलं की हा माणूस आमच्या वतीने बोलत नाही. धंदा बुडेल म्हणून माणसाला एकटं पाडणं, हे त्याचं उदाहरण. उद्या तुम्ही फोनवर आमदाराला नावं ठेवली असती, वेगळ्या विदर्भाच्या बाजूने किंवा विरोधात बोलला असता, कापसाच्या भावावरून सरकारला शिव्या घातल्या असत्या आणि समितीने तुम्हाला काढलं असतं, तर हेच पत्र वाचून मी समितीला झाडलं असतं.

पण तुमचं मत जगातल्या कुठल्या प्रश्नावर नव्हतं. ते तुमच्याच संघातल्या तीन माणसांच्या लायकीवर होतं. शाहरुखच्या बोलण्याने त्याच्या संघातल्या कुणाला मान खाली घालावी लागली नव्हती. मालक आणि खेळाडू यांच्यात जे एक नातं असतं, तुम्ही खेळा, मी तुमच्या पाठीशी आहे, ते नातंच तुम्ही त्या फोनवर मोडलंत. ते खासगीत मोडलं म्हणून कमी मोडत नाही.

म्हणून त्या मुलावर केस करू नका. फोनवर बोलणाऱ्यांपैकी एकाने केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं की नाही, यावर आपल्याकडे १९७२ च्या मलकानी खटल्यापासून न्यायालयं बरीच उदार आहेत, आणि तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. तुम्ही तक्रार नोंदवायला गेलात तर पहिली गोष्ट काय होईल? ते रेकॉर्डिंग पोलीस ठाण्यात रीतसर ऐकलं जाईल, पंचनाम्यात तुमचे शब्द उतरवले जातील. आत्ता ते फोनांमध्ये आहेत, दोन महिन्यांत पुसले जातील. फिर्याद देऊन तुम्हीच ते कागदावर कायम कराल.

बहिष्काराचं. २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा जातपंचायतींनी आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकू नये म्हणून केला आहे. लग्नाला बोलावू नका, मयताला खांदा देऊ नका, असले फतवे काढणाऱ्यांसाठी तो आहे. गिऱ्हाइकाने बियाणं तुमच्याऐवजी चौकातल्या दुसऱ्या केंद्रातून घेतलं, तर तो बहिष्कार नाही, बाजार आहे. यावर मी जास्त लिहीत नाही. तुम्हालाही लिहिताना थोडं हसू आलंच असेल.

समिती कोण, हा प्रश्न मात्र चांगला आहे. 'संघ माझा' यातला 'माझा' किती? अमेरिकेतली एनबीए ही लीग म्हणजे तीस संघांच्या मालकांची संघटना. तिची स्वतःची घटना आहे, आणि तीन चतुर्थांश मालकांनी ठरवलं तर एखाद्या मालकाला बाहेर काढता येतं, असं त्या घटनेत लिहिलेलं आहे. स्टर्लिंगने त्यावर सही केलेली होती. आपल्याकडे २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन आयपीएल संघांच्या कंपन्यांना सट्ट्याच्या प्रकरणात दोन वर्षांसाठी निलंबित केलं. मालकांकडे पैशाची काय कमी होती? एकटा संघ कुणाच्याच मालकीचा नसतो, कारण एकटा संघ खेळूच शकत नाही. समोर दुसरा लागतो, अंपायर लागतो, मैदान लागतं. मैदान तर तुमच्या तालुक्यात बहुधा शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं असणार, म्हणजे त्या तिघांच्याही मालकीचं.

पण तुमच्या समितीने जे केलं तेही धड नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. निरोप पाठवून माणूस काढत नाहीत. एनबीएने चार दिवसांत निर्णय दिला तरी त्याआधी चौकशी केली, आवाज तुझाच का असं स्टर्लिंगला विचारलं आणि त्याने हो म्हटलं. तुमच्या समितीने तुम्हाला बोलावलं का? प्रवेश फी घेताना दिलेल्या कागदावर मालकाच्या वागणुकीबद्दल एखादी ओळ आहे का? नसणार. अशा लीगचे नियम नो-बॉल कसा धरायचा इथपासून सुरू होतात आणि बक्षिसाच्या रकमेपाशी संपतात. आणि समितीत बसलेल्या इतर मालकांच्या घरी जेवणाच्या पंगती कशा बसतात, हे त्यांनी एकदा सांगावं. तुमचा आवाज पकडला गेला, त्यांचा नाही, एवढाच फरक असण्याची शक्यता बरीच आहे. ही गोष्ट तुम्ही स्वतःच्या बचावासाठी मात्र वापरू नका. तुमच्या तोंडून ती वाईट दिसेल. मी लिहिते आहे, ते पुरे.

मग करायचं काय.

ग्रुपवरची माफी तुम्ही पत्रासोबत पाठवली नाहीत, पण अशा माफ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' अशी सुरुवात असेल, तर ती माफी नाही. भावना दुखावल्या, आणि कुणाच्या दुखावल्या त्या तिघांची नावं तुम्हाला माहीत आहेत. ती पोस्ट काढू नका, तशीच राहू द्या. तिच्यावर दुसरी पोस्टही टाकू नका.

कॅप्टनला भेटा. त्याच्यामार्फत तिघांना विचारा, मी भेटायला आलो तर चालेल का. नाही म्हणाले तर तिथेच थांबा, महिनाभर पुन्हा विचारू नका. हो म्हणाले तर एकटे जा. मोबाइल घरी ठेवून जा. पुढारी जातात तसं जेवायला जाऊ नका, ताटात काय वाढलं याचे फोटो पेपरात देण्याचा तो प्रकार आपल्याकडे फार झाला आहे. शाल-श्रीफळ नको. आपण काय बोललो ते शब्द न गाळता सांगा, डब्यांचं आपणहून काढा. ते काही वाईट बोलले तर ऐकून घ्या. माफ करा असं म्हणा, पण माफ केलं की नाही हे त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. कोलाम पोडावरच्या पोराकडे जाताना तिथल्या नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला, आधी सांगून जा, ती त्यांची रीत आहे.

संघ सोडा. समितीने सांगितलं म्हणून नव्हे, पोट्ट्यांनी टी-शर्ट उतरवला तेव्हाच तो गेला म्हणून. फायनल त्यांना कॅप्टनच्या नावाने, स्वतःच्या टी-शर्टवर खेळू द्या. ठरलेला खर्च मात्र पूर्ण द्या. गाडी, जेवण आणि कुणाच्या बोटाला लागलं असेल तर दवाखान्याचं बिल. हंगामाच्या सुरुवातीला तुम्ही शब्द दिला होता. प्रवेश फी परत मागू नका. फायनल बघायला गेलात तर मागे उभे राहा, स्टेजवर जाऊ नका. जिंकले तर टाळ्या वाजवा, त्यात मालकी लागत नाही.

पुढच्या वर्षी परत यायचं का, हे आत्ता ठरवू नका. सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाची मालकीण होती मार्ज शॉट. वंशद्वेषी बोलण्यावरून १९९३ मध्ये तिला वर्षभर बाजूला केलं, २५ हजार डॉलर दंड केला. हंगाम संपला, ती परत आली, आणि १९९६ मध्ये मुलाखतीत हिटलरबद्दल चांगले शब्द काढून पुन्हा बाहेर गेली. एक हंगाम घरी बसल्याने माणूस बदलतो असं मला वाटत नाही. तुमच्या बाबतीत मला जरा आशा आहे, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे जे शॉटबाईंच्या किंवा स्टर्लिंगच्या बोलण्यात नव्हतं.

ते म्हणजे सोयरीक. तुम्ही त्या पोट्ट्यांना फोटोत नको म्हणालात ते पाहुण्यांच्या भीतीने. म्हणजे तुमच्या बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्ही आधीच पाहुण्यांकडे गहाण टाकलं होतं. स्वतःच्या संघाचा फोटो कसा काढायचा हे ठरवायची मोकळीक तुम्हाला तुमच्याच जातीतले लोक देत नाहीत, आणि तक्रार तुम्ही वस्तीवरच्या गिऱ्हाइकांची करता. एका फोटोवरून मोडणारी सोयरीक पोरीसाठी बरी की वाईट, हे घरात बसून बोला. पोरीला विचारलंत का, तिचं यावर काय म्हणणं आहे? ती शिकलेली असेल, मोबाइल तिच्याकडेही असेल, रेकॉर्डिंग तिनेही ऐकलं असेल. संपूर्ण पत्रात ती फक्त सोयरिकीपुरती आली आहे. मला वाटतं, समितीच्या आधी, वकिलाच्या आधी, तिच्याशी बोला. तिच्यासमोर हे शब्द उच्चारता आले तर पोडावर जाणं जड जाणार नाही.

अशाच टेनिस बॉलच्या मैदानांवरून, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. तुमच्या त्या तिघांमधला कुणी तसा निघेल की नाही कोण जाणे. पण २०२५ मध्ये विदर्भाची स्वतःची प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू झाली आहे, नागपुरात निवड चाचण्या होतात. जायला-यायला, राहायला पैसे लागतात. तुम्हाला काही करायचंच असेल तर समितीच्या हातात नाव न सांगता तेवढी रक्कम द्या. पावतीवर दुकानाचं नाव नको, टी-शर्टवर तर नकोच.

समितीला उत्तर लेखी द्या. त्यात एवढंच लिहा: आवाज माझा आहे, डबे वेगळे जात होते, मी संघ सोडतो, खर्च देतो, आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक मालकाच्या वागणुकीचा नियम कागदावर घ्या, कुणाला काढायचं तर आधी बोलावून ऐका. एका पानाच्या वर जाऊ नका. पाठवण्याआधी मला दाखवायचं असेल तर दाखवा, त्यात 'जर', 'तर' आणि 'गैरसमज' हे शब्द राहिले असतील तर मी काढून देईन.

तुमची ताई